पदवीच्या पहिल्या वर्षातील बीजगणिताचा वर्ग : अपेक्षा आणि वर्गनियम – एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन वर्षाच्या आरंभी प्रत्येक विभागाच्या फलकावर विद्यार्थ्यांसाठी सूचना लावल्या जातात. गणित विभागही त्यास अपवाद नाही. उपस्थिती ७५ टक्के हवी, जर्नल वेळेत पूर्ण करावे, अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतली जाणार नाही, भ्रमणध्वनी बंद ठेवावा अशा या सूचना असतात. त्यांच्या जोडीला विद्यापीठाने दिलेला अभ्यासक्रम असतो आणि अलीकडे अभ्यासक्रमाची ‘फलनिष्पत्ती’ सांगणारी काही वाक्येही असतात. अध्यापनाच्या चर्चेत अभ्यासक्रमावर पुष्कळ बोलले जाते. परंतु या सूचनांकडे एक संहिता म्हणून पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात बीजगणिताच्या वर्गापुरती या संहितेची चिकित्सा करावयाची आहे.

लेखाची दृष्टी वरवंडसारख्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याची आहे. पुणे–सोलापूर महामार्गावरील हे दौंड तालुक्यातील गाव व्हिक्टोरिया तलावामुळे ओळखले जाते. कडेठाण, हातवळण, कुसेगाव, पडवी, पाटस या परिसरात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि शेतीबरोबरच शिक्षणाची आकांक्षाही वाढली. येथील बहुसंख्य विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मराठीतून होते. गणित हा मुख्य विषय घेऊन विज्ञान शाखेत येणारा विद्यार्थी अनेकदा आपल्या घरातील पदवीपर्यंत पोचणारा पहिलाच असतो. महाविद्यालयाची अलिखित रीत त्याला घरातून कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून जे लिहून सांगितले जाते, त्याचे मोल त्याच्या बाबतीत अधिक ठरते.

१. अपेक्षा आणि नियम यांतील भेद

या चिकित्सेचा पाया एका साध्या भेदावर आहे. विद्यार्थ्याच्या वर्तनाला लावलेली अट म्हणजे ‘नियम’, तर विद्यार्थ्याच्या विचाराकडून केलेली मागणी म्हणजे ‘अपेक्षा’. तासाला वेळेवर यावे, हा नियम होय. ‘एक उदाहरण खरे ठरले म्हणून सर्वसाधारण विधान सिद्ध होत नाही, हे तुम्हांस स्वतःच्या लेखनात पाळता आले पाहिजे’ ही अपेक्षा होय. आपल्या फलकांवर नियम विपुल आढळतात. अपेक्षा क्वचितच आढळतात. अभ्यासक्रमात घटकांची नावे असतात, परंतु नाव म्हणजे अपेक्षा नव्हे. ‘पूर्णांकांची विभाज्यता’ एवढ्या शब्दांवरून विद्यार्थ्याला काय करता यावे, हे कळत नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयांशी तुलना येथे उपयोगी आहे. मात्र ती जपून करावी लागते. तेथे ‘कॉलेज अल्जिब्रा’ या नावाने जो अभ्यासक्रम शिकवतात, त्यातील समीकरणे, बहुपदी व फलने यांचा मोठा भाग आपल्याकडे नववी ते बारावीत येऊन जातो. आपल्या दहावीच्या गणित भाग १ मध्येच दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे व अंकगणित श्रेढी यांचा समावेश आहे. म्हणजे आशय एकसारखा नाही. तुलना करावयाची ती एका प्रथेची. तेथील अध्यापक पहिल्याच तासाला लेखी पत्रक देतो. विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे, गृहपाठ कसा तपासला जाईल, मदत कोठे व केव्हा मिळेल, हे त्यात लिहिलेले असते. आपल्याकडे आशय अभ्यास मंडळ ठरविते, मूल्यमापन विद्यापीठ ठरविते आणि अध्यापकाच्या हाती उरते ती केवळ शिस्त. फलकावरील सूचना शिस्तीच्याच का असतात, याचे एक उत्तर या रचनेत आहे.

२. चौकट कशी बदलत गेली

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि २०१४ मध्ये त्याचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षात दीर्घकाळ वार्षिक पद्धत होती. ‘बीजगणित व भूमिती’ अशी एक प्रश्नपत्रिका असे. तिला लेखी परीक्षेचे ८० व अंतर्गत २० असे गुण असत. २०१९ च्या श्रेयांक पद्धतीत बीजगणित प्रथम सत्रातील स्वतंत्र, दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम झाला. एकूण ५० गुणांपैकी १५ अंतर्गत व ३५ सत्रान्त परीक्षेसाठी राहिले. संच, संबंध व फलन, पूर्णांकांची विभाज्यता आणि एकशेषता, संमिश्र संख्या असा त्याचा आशय होता. संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय, गौण विषय व अन्य घटक अशी नवी विभागणी आली.

या बदलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. वार्षिक पद्धतीत विद्यार्थ्याला अमूर्त विचाराशी जुळवून घेण्यास दिवाळीनंतरचा काळही मिळत असे. सत्र पद्धतीत तो अवधी संपला. जूनमध्ये प्रवेश, जुलै–ऑगस्टपर्यंत चालणारी प्रवेशाची धावपळ, मधले सण आणि दिवाळीच्या आगेमागे परीक्षा. बारावीपर्यंत ‘उत्तर काढा’ या आज्ञेची सवय झालेल्या विद्यार्थ्याने एवढ्या काळात ‘सिद्ध करा’ या आज्ञेचा अर्थ आत्मसात करावा, असे या पद्धतीने गृहीत धरले. मात्र हे गृहीतक कोणत्याही पत्रकात लिहिलेले नाही.

३. उपस्थितीचा नियम काय मोजतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००३ च्या विनियमांनी परीक्षेस पात्र ठरण्यासाठी सामान्यतः ७५ टक्क्यांहून कमी नसलेली उपस्थिती विद्यापीठांनी विहित करावी, असे सांगितले होते. तेव्हापासून हा आकडा महाविद्यालयीन व्यवहारात मुरला आहे. त्यामागील हेतूविषयी वाद नाही. वर्गात न आलेल्या विद्यार्थ्याला वर्गातून काही मिळणार नाही, हे उघड आहे.

परंतु बीजगणिताच्या संदर्भात हा नियम काय मोजतो, हे पाहिले पाहिजे. दोन श्रेयांकांसाठी ३६ तासिका धरल्या, तर ७५ टक्के म्हणजे २७ तासिका होतात. एखादा विद्यार्थी सलग ९ तासिका अनुपस्थित राहिला आणि त्यांत विभाज्यतेचा संपूर्ण घटक गेला, तरी तो पात्र ठरतो. दुसरा विद्यार्थी विखुरलेल्या १० तासिकांना आला नाही, परंतु प्रत्येक वेळी वही पूर्ण करून शंका विचारून गेला. तो मात्र अपात्र ठरतो. इतिहासाच्या वा साहित्याच्या वर्गात एक तास चुकला, तरी पुढच्या तासात काही प्रमाणात प्रवेश करता येतो. बीजगणितात भागाकाराचा सिद्धांत हुकला की महत्तम साधारण विभाजक कळत नाही आणि तो कळला नाही की एकशेषता हा केवळ चिन्हांचा खेळ राहतो. म्हणून या विषयात अनुपस्थितीची संख्या मोजण्यापेक्षा तिचे स्थान पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

ग्रामीण भागात अनुपस्थितीची कारणे बरीचशी ठाऊक असतात. एसटीची वेळ, लागणीचे वा तोडणीचे दिवस, पाण्याची पाळी, घरातील आजारपण ही त्यांपैकी काही. मुलींच्या बाबतीत उशिरा सुटणारा तास हेच एक कारण ठरते. नियम शिथिल करावा, असा याचा अर्थ नाही. अनुपस्थितीनंतर विद्यार्थ्याने काय करावयाचे, याविषयी आपली संहिता मौन बाळगते, हा आक्षेप आहे. दंड सांगितला आहे. परतीची वाट सांगितलेली नाही.

४. जर्नल, गृहपाठ आणि नक्कल

दुसरा ठळक नियम जर्नलचा. ते नीटनेटके, पूर्ण व स्वाक्षरीसह असावे, असा आग्रह असतो. त्याचा परिणाम अध्यापकांना परिचित आहे. एक वही सिद्ध होते आणि उरलेल्या तिच्यावरून उतरतात. यास विद्यार्थ्यांचा आळस असे म्हणून सोडून देणे सोपे आहे; परंतु दोष नियमाच्या घडणीतही आहे. ज्या नियमात पूर्णतेला गुण आहेत आणि प्रयत्नाला नाहीत, तो नियम नकलेला प्रोत्साहन देतो.

बीजगणितात अर्धवट राहिलेला प्रामाणिक प्रयत्न फार बोलका असतो. क्षचा वर्ग = ४क्ष हे समीकरण सोडविताना विद्यार्थी दोन्ही बाजूंना क्षने भागतो आणि क्ष = ४ असे उत्तर लिहितो. शून्य हे दुसरे मूळ हरवले. येथे ‘चूक’ असे लिहून पुढे गेल्यास काहीच साधत नाही. क्षने भागताना क्ष शून्य नाही, हे कोणी सांगितले, हा प्रश्न विचारला तर तोच विद्यार्थी बीजगणिताच्या एका मूलभूत अटीपाशी येऊन उभा राहतो. नकललेल्या वहीत ही चूक नसते, म्हणून हा प्रश्नही उद्भवत नाही. त्या अर्थाने निर्दोष जर्नल हे अध्यापकाच्या दृष्टीने निरुपयोगी जर्नल असते.

आपल्या परंपरेत मांडणीच्या शिस्तीचे भान जुने आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत उदाहरणानंतर ‘न्यास’, म्हणजे दिलेल्या राशींची मांडणी येते. बखशाली हस्तलिखितात उत्तर काढल्यावर ते पडताळून पाहण्याची पायरीही आहे. काय दिले आहे ते आधी लिहावे आणि काय मिळाले ते शेवटी तपासावे, या दोन अपेक्षा आजच्या जर्नलच्या नियमांत शब्दरूपाने आल्या, तर नीटनेटकेपणाच्या आग्रहास काही गणिती आशय लाभेल.

५. ‘सिद्ध करा’ म्हणजे काय?

प्रथम वर्षातील अपयशाचे मूळ बहुधा येथे असते. विद्यार्थी चार उदाहरणे घेतो, ती खरी ठरतात आणि तो ‘म्हणून सिद्ध झाले’ असे लिहितो. याविरुद्ध अध्यापकाने नियम सांगून भागत नाही. अपेक्षा दाखवून द्यावी लागते. त्यासाठी ऑयलरचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. न या संख्येचा वर्ग, अधिक न, अधिक ४१ ही राशी घ्यावी. न = ० असता ४१, न = १ असता ४३, न = २ असता ४७; या सर्व मूळ संख्या आहेत. न = ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळते. न = ४० असता मात्र १६८१ मिळतात आणि ते ४१ चा वर्ग आहेत. चाळीस उदाहरणे खरी ठरूनही विधान असत्य राहते. हे एकदा फळ्यावर घडले, की ‘उदाहरण म्हणजे सिद्धता नव्हे’ ही अपेक्षा विद्यार्थ्यास निराळी शिकवावी लागत नाही.

याच प्रकारचा दुसरा प्रसंग संबंधांच्या घटकात येतो. एखादा संबंध सिमेट्रिक व ट्रान्झिटिव्ह असेल तर तो रिफ्लेक्सिव्ह असतोच, अशी ‘सिद्धता’ हुशार विद्यार्थीही देतात. अ चा संबंध ब शी, म्हणून ब चा अ शी, म्हणून अ चा अ शी. युक्तिवाद निर्दोष दिसतो. परंतु ज्याचा कोणाशीच संबंध नाही अशा घटकाचा विचार त्यात राहून गेलेला असतो. मुळात तो ब आहे, हे कोणी सांगितले? अशा प्रश्नाला वर्गात वेळ द्यावयाचा की अभ्यासक्रम ‘पूर्ण’ करावयाचा, ही निवड अध्यापकाला प्रत्येक सत्रात करावी लागते. सध्याची संहिता पूर्ततेच्या बाजूने झुकलेली आहे. अध्यापन योजनेत घटक संपल्याची तारीख लिहावयाची असते. घटक समजल्याची खूण लिहावयास रकाना नसतो.

फलनिष्पत्तीच्या वाक्यांनी ही उणीव भरून निघेल, अशी आशा होती. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या प्रक्रियेमुळे ती वाक्ये प्रत्येक महाविद्यालयात लिहिली गेली. ‘विद्यार्थ्यास संकल्पना समजेल’, ‘विद्यार्थी कौशल्य प्राप्त करील’ अशी त्यांची घडण असते. ती समितीला उद्देशून लिहिलेली असतात, विद्यार्थ्याला उद्देशून नव्हे. वर्गात बसलेल्या मुलाने किंवा मुलीने ती वाचली, तरी उद्या वहीत काय निराळे करावे, हे त्यांस कळणार नाही.

६. भाषेविषयीचा अलिखित नियम

विज्ञान शाखेत पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका व उत्तरलेखन यांची भाषा व्यवहारतः इंग्रजी आहे. वर्गातील बोलणे मात्र मराठी व इंग्रजी यांच्या मिश्रणातून चालते. याविषयी लेखी नियम सहसा नसतो. त्यामुळे प्रश्न इंग्रजीतच विचारावा, असा समज करून घेऊन विद्यार्थी गप्प बसतात. बीजगणितासाठी हे मौन विशेष घातक आहे, कारण येथे अडचण शब्दार्थाची नसते, वाक्यरचनेची असते.

पुढील दोन विधाने पाहावीत. ‘प्रत्येक पूर्णांक अ साठी असा एक पूर्णांक ब असतो की अ + ब = ०.’ ‘असा एक पूर्णांक ब आहे की प्रत्येक पूर्णांक अ साठी अ + ब = ०.’ पहिले सत्य आहे, दुसरे असत्य. इंग्रजी वाक्यात ‘फॉर एव्हरी’ आणि ‘देअर एक्झिस्ट्स’ यांची जागा बदलली, तर मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या लक्षात ते चटकन येत नाही. मराठीत हाच भेद त्याला ऐकताक्षणी जाणवतो. म्हणजे मराठी येथे उणीव नसून साधन आहे. ‘शंका व स्पष्टीकरण मराठीत, अंतिम लेखन इंग्रजीत’ असा नियम उघडपणे लिहिला, तर विद्यार्थ्याचा संकोच दूर होईल आणि इंग्रजी लेखनाचा सरावही राहील.

क्ष आणि य ही अक्षरे परकीय चिन्हांची केवळ रूपांतरे आहेत, असा एक समज असतो. अज्ञात राशींना अक्षरे देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘यावत्तावत्’, ‘कालक’, ‘नीलक’, ‘पीतक’ अशी नावे घेऊन त्यांची आद्याक्षरे समीकरणांत वापरली. त्यांचा कुट्टक विधी आणि आज यूक्लिडच्या नावाने शिकविला जाणारा भागाकाराचा क्रम यांचे नाते प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास सहज दाखविता येते. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. हा उल्लेख अभिमानासाठी नाही. बीजगणित ही मराठी मुलुखात शिकविली जाणारी विद्या होती, एवढे कळले तरी विषयाविषयीचे परकेपण कमी होते.

७. परिसरातील उदाहरणे : उपयोग आणि मर्यादा

‘विद्यार्थ्यांच्या परिसराशी जोडून शिकवावे’ ही सूचना आता सर्वत्र ऐकू येते. ती योग्य असली, तरी पुष्कळदा आंब्यांच्या जागी उसाची मोळी घालून तिचे समाधान केले जाते. उदाहरणात गणित असले पाहिजे. केंद्र सरकारने २०२४–२५ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये ठरविला. उताऱ्यात दर ०.१ टक्क्याच्या वाढीला ३.३२ रुपये अधिक, घटीला तेवढेच कमी. परंतु उतारा ९.५ टक्क्यांहून कमी असला, तरी ३१५.१० रुपयांच्या खाली दर नाही. उतारा उ मानल्यास ९.५ किंवा त्याहून अधिक उताऱ्यासाठी दर = ३४० + ३३.२ (उ – १०.२५) हे फलन मिळते. उ = ९.५ घातल्यास बरोबर ३१५.१० येतात, म्हणजे दोन भाग तेथे जुळतात. तुकड्यांनी व्याख्यात फलन, त्याचा प्रांत व सांधा यांविषयीचे सर्व प्रश्न घरी आलेल्या बिलावरून विचारता येतात.

एकशेषतेसाठी पंचांग पुरेसे आहे. शालिवाहन शकात १२ मिळवून ६० ने भागावे. उरणारी बाकी हा संवत्सराचा क्रमांक. शके १९४७ साठी १९५९ ला ६० ने भागल्यास बाकी ३९ येते आणि एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसू होय. बाकी शून्य आल्यास साठावा समजावयाचा. हा नियम का चालतो, हे विद्यार्थ्याने सांगावे, अशी अपेक्षा ठेवली, तर उदाहरण करमणुकीपुरते राहत नाही.

तथापि मर्यादाही सांगितली पाहिजे. ग्रामीण विद्यार्थ्याला केवळ ग्रामीण उदाहरणेच कळतील, हे गृहीत धरणे ही त्याच्याविषयीची खालची अपेक्षा आहे. संमिश्र संख्यांना शेतात उदाहरण नाही आणि त्याची गरजही नाही. अमूर्ताचा आनंद घेण्याचा अधिकार वरवंडच्या विद्यार्थ्यालाही पुण्याच्या विद्यार्थ्याइतकाच आहे.

८. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मोठ्या वर्गात शिस्तीच्या नियमांविना अध्यापन अशक्य आहे. हे मान्य आहे. नियम काढावेत, असे येथे सुचविलेले नाही. नियमांच्या शेजारी अपेक्षा लिहाव्यात, एवढेच सुचविले आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनेक ठिकाणी हे तास तासिका तत्त्वावरील अध्यापक घेतात. त्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते आणि पुढील वर्षी ते असतीलच असे नाही. अशा अध्यापकाने वह्या बारकाईने तपासाव्यात आणि तासाबाहेर शंकानिरसन करावे, ही मागणी न्याय्य कशी? तिचे उत्तर वर्गाच्या भिंतीत सापडणार नाही. परंतु म्हणूनच अपेक्षांचे पत्रक व्यक्तीचे न राहता विभागाचे असावे. अध्यापक बदलला, तरी विद्यार्थ्याला दिलेला शब्द बदलू नये.

समारोप

उपरोक्त चर्चेवरून काही सूचना करता येतील. पहिल्या तासाला एक पानाचे मराठी पत्रक द्यावे. त्यात पाचसहा अपेक्षा उदाहरणांसह असाव्यात. अनुपस्थित विद्यार्थ्याने चुकलेला घटक कसा भरून काढावयाचा, हे नियमातच लिहावे. अंतर्गत १५ गुणांसारख्या जागेचा काही भाग दुरुस्त केलेल्या चुकीसाठी राखावा; आपली चूक कोठे झाली, हे दोन वाक्यांत लिहिणाऱ्यास ते गुण मिळावेत. शंका कोणत्या भाषेत विचारता येतील, हे स्पष्ट करावे. यांपैकी कशासाठीही विद्यापीठाच्या अनुमतीची वाट पाहावी लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनाची रीत विहित चौकटीत विभागालाच ठरवावयाची असते.

आजच्या व्यवस्थेत २७ तासिकांना हजर राहिलेला, जर्नल पूर्ण केलेला, अंतर्गत परीक्षा दिलेला विद्यार्थी सत्रान्त परीक्षेत नापास होऊ शकतो. त्याने एकही नियम मोडलेला नसतो. त्याला काय अपेक्षित होते, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. अशा विद्यार्थ्याच्या घरी नापास होण्याचा अर्थ बहुधा एकच लावला जातो, की गणित त्याच्यासाठी नव्हते. मुलगी असेल, तर पुढील वर्षाचे शुल्क भरावयाचे की नाही, हाही प्रश्न त्याच वेळी उपस्थित होतो. नियम पाळूनही येणाऱ्या या अपयशातील आपला वाटा ओळखणे, ही गणित विभागांची शैक्षणिक जबाबदारी आहे.